वरचे सहा दात

८ जानेवारी

ताई,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तू हे पत्र न फोडताच ठेवून देशील, म्हणून पत्ता हिच्याकडून लिहून घेतला. लबाडी पहिल्याच ओळीत कबूल केली, आता पुढचं सरळ लिहीन म्हणतो.

सहा वर्षांनी लिहायला बसायचं तर तसंच मोठं कारण हवं. ते नाही. सगळे बरे आहेत, कुणी आजारी नाही, कुणाचं लग्न नाही. कारण इतकंच, की गेल्या सोमवारपासून मी जेवणाच्या सुट्टीत मेणाचे दात कोरतोय. तू म्हणशील, सव्वीस वर्षं दुसरं काय करतोस? खरंय. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, माझं त्यावरच भरलं. पण ते दात डॉक्टर सांगतील त्या मापाचे, कुणा अनोळखी माणसाच्या कवळीसाठी. हे कुणी सांगितलेले नाहीत. हे आईचे आहेत. वरचे पुढचे सहा, जे शेवटपर्यंत तिचे स्वतःचे होते तेच.

भावजींशी माझं अधूनमधून फोनवर बोलणं होतं, त्यांच्यावर रागावू नकोस. गेल्या रविवारी ते म्हणाले की मागच्या खोलीला सहा वर्षं कुलूप आहे. तू शाळेच्या ऑफिसात बसून अर्ज तपासतेस. आणि आता तुझ्या कोरण्या, तारा, तो गोल फिरणारा पाट, सगळं मे महिन्यात शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंना देऊन टाकायचं ठरवलंयस. मी विचारलं, का? तर म्हणाले, "ती म्हणते, माझा हात गेला."

समोर बसलेल्या माणसाचं नाक तू वीस मिनिटांत मातीत उतरवायचीस. असा हात जाईल कुठे? फोन ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी डबा खाऊन झाल्यावर मेणाचा तुकडा हातात घेतला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

त्या दिवसाबद्दल उकरून काढायचं नाही असं ठरवून बसलोय. तरी एक. आईचं शिर तू सहा महिने घडवत होतीस, सगळ्यांना बोलावलंस, ओलं फडकं बाजूला केलंस, आणि सगळ्यांदेखत मी म्हणालो, "ही आपली आई नाही." तू फडकं परत टाकलंस आणि म्हणालीस, "चहा घेऊन जा सगळे." त्यानंतर तू माझ्याशी बोलली नाहीस. मी बोललो ते खोटं नव्हतं. पण ते बोलायला मी योग्य माणूस नव्हतो, इतकं आज लिहितो.

अजून एक विचारायचं होतं. आई गेल्यावर मी तुला तिच्या तोंडाचा प्लास्टरचा जबडा आणून दिला होता, ज्यावरून तू ते तोंड घडवलंस. तो अजून आहे का? मला नकोय. फेकलास तरी चालेल. फेकच.

बारक्या


३ फेब्रुवारी

ताई,

उत्तर आलं नाही. येईल असं धरून चाललो नव्हतो, तरी संध्याकाळी घरात पाऊल टाकलं की आधी टेबलाकडे बघतो. ही म्हणते, "पत्र पाठवलंय की परीक्षेला बसलायत तुम्ही?"

दात चालू आहेत. रोज एकच. सुट्टी चाळीस मिनिटांची, दहा मिनिटांत डबा, उरलेला अर्धा तास दाताला. स्पिरिटच्या दिव्यावर कोरणी तापवायची, मेण थेंबाथेंबानं चढवायचं, मग खरवडत यायचं. झालं की बघायचं आणि परत भांड्यात टाकायचं, कारण मेण वर्कशॉपचं. आजवर बावीस झाले, बावीसही वितळले. वाईट वाटलं म्हणावं तर तसंही नाही. सगळे एकसारखे होते. सरळ, गुळगुळीत, कॅटलॉगमधून उचलल्यासारखे. एखाद्या बँक मॅनेजरच्या तोंडात शोभले असते.

आमच्याकडे प्लास्टर ओतणाऱ्या बाई आहेत, माझ्या समोरच्या टेबलावर. डॉक्टरांकडून तोंडाचं माप आलं की त्यात त्या प्लास्टर ओततात आणि जबडा तयार करतात, आम्ही त्या जबड्यावर कवळी बसवतो. कोपरापर्यंत पांढऱ्या झालेल्या असतात दिवसभर. त्यांनी महिनाभर नुसतं पाहिलं. मग काल विचारलं, "काय चाललंय रोज?"

"आईचे दात करतोय."

"त्यांना कवळी होती?"

"मागच्या चार दाढांची. पुढचे दात तिचेच."

त्यांनी माझा दात चिमटीत धरून उजेडाकडे केला. "मग हे कवळीचे का करताय?"

मला राग आला. सव्वीस वर्षांत माझ्या दाताला कुणी नाव ठेवलेलं नाही. जेवणाची सुट्टी संपल्यावर दिवसभर मनात त्यांच्याशी भांडलो आणि घरी जाताना कळलं की बाई बरोबर आहेत. माझ्या हाताला वाकडं येतच नाही. वाकडं दिसलं की तो आपोआप सरळ करतो, त्याचीच सवय त्याला. आईच्या दातांत काय सरळ होतं? तिची ती फट तर तुला आठवतच असेल. दुसऱ्यांच्या आया पोरांना गॅलरीतून नावानं हाका मारायच्या, आपली आई त्या फटीतून शीळ घालायची. तुला शरम वाटायची, मला अभिमान. बाकीची पोरं म्हणायची, तुमची आई पोलीस आहे का?

फोटो काढून बसलो तर अकराच्या अकरा फोटोंत तोंड मिटलेलं. फटीमुळे तिनं कॅमेऱ्यापुढे कधी ओठ उघडले नाहीत. म्हणजे ताडून बघायला काही नाही. आहे ते माझ्या डोक्यात, आणि डोक्यात काय आहे ते हाताला सांगता येत नाही.

मी हे का करतोय, तुला काही सुचतं का? मला सुचत नाही.

बारक्या


२७ फेब्रुवारी

ताई,

भावजी म्हणाले, माझी दोन्ही पत्रं फडताळात दिसली, आणि पाकिटं फोडलेली होती. त्यांनी सहज सांगितलं. मी फोन ठेवून दोनदा जिना चढलो-उतरलो.

आज सांगण्यासारखं आहे. मागच्या गुरुवारी काम करताना बाहेर कुणीतरी पत्रा आपटला, मी दचकलो आणि कोरणी घसरली. डाव्या बाजूचा, म्हणजे आईच्या डाव्या हाताकडचा दुसरा दात, बुडाशी मऊ होता तो कलला. बाकावर बसल्या बसल्या डुलकी लागून शेजाऱ्याच्या खांद्यावर माणूस रेलतो, तसा पहिल्या दातावर रेलला. मी सवयीनं सरळ करायला बोट नेलं आणि थांबलो. ओळखीचा होता. आईचा एक दात असा रेलत असे हे मी विसरलो होतो, ताई. म्हणजे विसरलो होतो हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

तो एक दात मी वितळवला नाही. प्लास्टरवाल्या बाईंना दाखवला. त्यांनी आपल्या खणातली एक रिकामी काडेपेटी माझ्या पुढ्यात सरकवली. ती घरी आणून स्वयंपाकघरात ठेवली. संध्याकाळी गॅस पेटवायला हिनं नेमकी तीच उघडली.

"सासूबाईंचा दात काडेपेटीत काय करतोय?"

मी तिला काही सांगितलं नव्हतं, शपथेवर सांगतो. कुणाचा म्हणून विचारलंसुद्धा नाही तिनं. आमच्या धंद्यात काम ओळखू येऊ नये यातच यश. कवळी आहे हे कुणाला कळलं नाही की डॉक्टर खूश. आणि पन्नाशी उलटल्यावर माझं एक काम पहिल्यांदा कुणीतरी ओळखलं. नखाएवढं काम, पण मी त्या रात्री एक चपाती जास्त खाल्ली.

इथं पत्र संपवलं असतं तर बरं झालं असतं. पण दुसऱ्या दिवसापासून ये रे माझ्या मागल्या. एकेक दात जमू लागला, पण शेजारी शेजारी बसवायला गेलो की घोटाळा. आईची फट त्याच जागी होती, डावीकडे, पहिल्या आणि दुसऱ्या दाताच्या मधे. आता दुसरा दात पहिल्यावर रेलू दिला तर फट बुजते. फट ठेवली तर दात रेलायला तयार नाही, रेलायला त्याला काही नाहीच. रेलणं पण आठवतंय आणि फट पण आठवतेय. आठवडाभर मी या दोघांची समजूत घालतोय. रेललेल्या दातावर माझा अजून पूर्ण भरवसा बसत नाही, तो अपघातानं आलाय. फटीबद्दल मात्र मला तिळमात्र शंका नाही. ती मी स्वतः

खोडलंय ते वाचायला जाऊ नकोस. उजेडावर धरू नकोस कागद. तुझी ती सवय मला माहीत आहे.

बारक्या


१६ मार्च

ताई,

धरलाच असशील उजेडावर. आणि काही वाचता आलं नसेल, कारण मी शाई सांडेपर्यंत खोडलंय. चोराच्या मनात चांदणं. आता लिहितोच, नाहीतर रोज अर्धं पत्र लिहून फाडण्यात महिना जाईल.

तुला दिलेला जबडा आईचा नव्हता.

आईच्या दाढांची कवळी आमच्याकडेच झाली, तो तिचा जबडा आमच्या फळीवर होता. आमच्याकडे प्रत्येक जबड्यावर नाव नसतं, नंबर असतो. दोन वर्षं फळीवर ठेवायचे, मग वर्षाच्या शेवटी जागा करायला फळ्या मोकळ्या करायच्या. एकानं नंबर वाचायचे, दुसऱ्यानं पोत्यात टाकायचे. त्या वर्षी नंबर मी वाचत होतो. आईचा नंबर मी मोठ्यानं वाचला असणार, आणि पोत्यात पडल्याचा आवाजही ऐकला असणार. आई तेव्हा जिवंत होती, रविवारी मी तिच्याकडे जेवून आलो होतो. तिच्या जबड्याचं काही मोल आहे असं माझ्या डोक्यातच आलं नाही. चारशे जबड्यांतला एक.

तीन महिन्यांनी ती गेली. सगळे बसले होते, आणि तू मला विचारलंस, "तुझ्याकडे आईच्या तोंडाचा जबडा असेल ना रे? तो मिळाला तर मी तिला घडवीन." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या धंद्याचा घरात कुणाला उपयोग होत होता. मी म्हणालो, आहे की, आणतो.

दुसऱ्या दिवशी फळी रिकामी पाहिली तेव्हाच तुला फोन करायला हवा होता. मी बोललो असतो तर तू दोन दिवस रडली असतीस, मला चार शब्द ऐकवले असतेस, आणि मग आठवणीनं आई घडवली असतीस, माझ्यापेक्षा चांगली आठवली असती तुला. पण मला तुझ्यासमोर रिकाम्या हातानं उभं राहायचं नव्हतं. मी दुसऱ्या एका बाईचा जबडा घेतला, आईच्याच वयाची, आईसारखाच अरुंद. नंबर खरवडला. तिचे पुढचे दात सरळ होते, फट नव्हती. फट मी कानशीनं पाडली. त्या रेलणाऱ्या दाताची मला तेव्हा आठवणही नव्हती, फट तेवढी आठवत होती. पाडली, पावडर फुंकली, जबडा कागदात गुंडाळून तुझ्या हातात दिला. तू तो दोन्ही हातांनी घेतलास.

सहा महिने तू त्या परक्या बाईच्या तोंडावर आईचे गाल चढवत होतीस. मी आलो की म्हणायचीस, "कुठेतरी चुकतंय रे, जबडा समोर आहे तरी चुकतंय." मी म्हणायचो, होईल होईल. आणि शेवटी सगळ्यांसमोर मीच म्हणालो की ही आपली आई नाही. का म्हणालो ते सहा वर्षं शोधतोय. कधी वाटतं, तुझ्याकडून सत्य ओळखलं जावं असं मला वाटत होतं. कधी वाटतं, तू "मग तो जबडा कुणाचा?" असं विचारशील म्हणून मुद्दाम टाकलेला खडा होता. पण तू जबड्यावर संशय घेतला नाहीस. स्वतःवर घेतलास. भाऊ खोटं देईल हे तुझ्या मनातच आलं नाही, म्हणून तुझा हात गेला असं तू ठरवलंस.

माझी चूक अशी आहे की तिची माफी मागायची सोयच नाही. तरी मागतो. तुला वाटेल ते तू म्हण. आणि काहीही केलंस तरी कोरण्या त्या चित्रकलेच्या बाईंना देऊ नकोस, मे यायला अजून दीड महिना आहे.

बारक्या


७ एप्रिल

ताई,

काल भावजींचा फोन आला. बाहेर रस्त्यावरून केला होता, मागे गाड्यांचा आवाज येत होता.

"तू पत्रात काय लिहिलंस बाबा?"

मी विचारलं, काय झालं?

"वाचलं, घडी घातली, किल्ली शोधली. मागच्या खोलीत गेली आणि ते आईंचं शिर हातोडीनं फोडलं. सावकाश. आधी वर्तमानपत्र अंथरलं खाली."

"आणि?"

"आणि तुकडे भरून ठेवले, हात धुतले, ऑफिसला गेली. माझ्याशी बोलतेय, भाजी कुठली आणायची वगैरे. तुझं नाव काढत नाही. हे चांगलं लक्षण की वाईट, तूच सांग. तुमचं तुम्हाला माहीत, आपलेच दात आपलेच ओठ, मी मधे कुठे पडू?"

मला काय माहीत असणार, ताई? तू फोडलंस हे ऐकून मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग बरं वाटलं. मग बरं वाटल्याची लाज वाटली. ते आईचं नव्हतंच, म्हणून फोडलंस, की माझं होतं म्हणून? दिवसभरात मी तीन कवळ्यांना चुकीच्या रंगाचे दात लावले आणि मुख्य कारागिरांची बोलणी खाल्ली. त्यांनी विचारलं, "घरी काही झालंय का?" मी म्हटलं, "बहुतेक." बहुतेक म्हणजे काय ते त्यांनी विचारलं नाही.

खोलीचं कुलूप भावजी म्हणतात पुन्हा लावलेलं दिसत नाही. मी याचाही काही अर्थ लावत नाही. लावला की चुकतोय हल्ली.

या पत्रासोबत एक डबी आहे. घाबरू नकोस, यात प्लास्टर नाही. वरचे सहा दात आहेत, मेणाचे, मेणाच्याच हिरडीवर बसवलेले. एकोणसत्तर दिवसांचे सहा दात. दोन बरे आहेत. उजवा सुळा झोपेतून उठवला तरी मी शपथेवर सांगेन की तिचाच. डावीकडची भानगड मिटलेली नाही. दात थोडा रेलू दिला आणि फटही थोडी ठेवली, त्यामुळे दोघंही रुसल्यासारखे दिसतात. प्लास्टरवाल्या बाई म्हणाल्या, "पाठवा तसेच. अजून एक दिवस, अजून एक दिवस करत तुम्ही निवृत्त व्हाल." मी म्हटलं, बहीण मोठी कलाकार आहे, हसेल. त्या म्हणाल्या, "हसली तर तेवढं तरी झालं."

हे पाठवून मला काय हवंय? खऱ्या जबड्याची भरपाई ही नव्हे, तेवढं मला कळतं. मी फक्त रोज अर्धा तास बसलो, आणि बसल्यावर रोज नाही, पण आठवड्यातून एकदा काहीतरी थोडं पुढे सरकलं, एवढंच यात आहे. माझ्यासारख्या ठोकळ्याचा हात सरकतो, तर तुझा गेला कसा, हा हिशेब मला लागत नाही.

ऊन लागेल तिथे डबी ठेवू नकोस, मेण बसेल.

बारक्या


३० एप्रिल

ताई,

डबी काल परत आली. माझीच डबी, माझाच दोरा. वरून मला वाटलं, न उघडताच परत केलीस. मी ती तशीच टेबलावर ठेवून जेवलो. जेवलो म्हणजे बसलो. शेवटी ही म्हणाली, "उघडा, नाहीतर मी उघडते," आणि तिनंच उघडली.

चिठ्ठी नव्हती. मी कापूस तीनदा झटकला.

दात आधी मला तसेच वाटले. मग डावीकडे बघितलं. माझी फट नव्हती. तू ती मेणानं बुजवलीस, आणि त्या दुसऱ्या दाताला मोकळं सोडलंस, पुरता रेलला तो शेजाऱ्यावर, खांदा टेकून. आणि फट तू उजवीकडे पाडलीस. तुझ्या बारीक कोरणीची खूण दिसतेय आत, मी कानशीनं कधी इतकं स्वच्छ कापलं नसतं. बाकीच्या दातांना हात लावलेला नाहीस.

मी भडकलो. तुला खोटं वाटेल, पण सहा वर्षं मान खाली घालून बसलेला माणूस एकदम भडकला. हिला म्हणालो, ताईचं डोकं फिरलंय, फट डावीकडे होती, मला पाठ आहे ती फट. ही म्हणाली, "फट होती एवढं मला आठवतं, बाजू नाही आठवत." भावजींना फोन केला. ते म्हणाले, "मधोमध नव्हती का?" दोघांचा काही उपयोग नाही. तुला चार पानी पत्र लिहायला घेतलं, की बाई गं, तू कलाकार असशील, पण दात हा माझा प्रांत.

तिसऱ्या ओळीला थांबलो. दात माझा प्रांत आहे, हेच नडलं. शिकायला आलेल्या नव्या माणसाला मी पहिल्याच आठवड्यात सांगतो, दोन दात एकमेकांवर रेलले असतील तर त्यांच्यामधे फट नसते. जागा कमी पडते म्हणूनच ते रेलतात. दीड महिना मी त्या दोघांना एका जागी कोंबत होतो, आणि जे गाढवालाही दिसलं असतं ते मला दिसलं नाही, कारण फटीबद्दल मला खात्री होती.

मग मी डोळे मिटून आईला शीळ घालताना बघायचा प्रयत्न केला. गॅलरी दिसली, तिचा हात कठड्यावर दिसला. तोंडाशी आलो की प्लास्टर दिसतं. पांढरं, नंबर खरवडलेलं. मला आईची फट आठवत नव्हती, ताई. मी पाडलेली आठवत होती. जबडा डाव्या हातात समोर धरला की उजव्या हातातली कानस आधी जिथे टेकते, तिथे मी ती पाडली. सोपं पडलं म्हणून. आणि मग सहा वर्षं तीच आईची म्हणून जपली.

म्हणजे तेव्हा तू रोज म्हणायचीस, कुठेतरी चुकतंय, कुठेतरी चुकतंय, ते बरोबर होतं. तुझा हात उजवीकडे ओढत असणार, आणि तू त्याला दामटून डावीकडे आणत असणार, कारण समोर भावानं दिलेला पुरावा होता. तुझा हात एक दिवससुद्धा गेला नव्हता. तो बरोबर सांगत होता आणि तू माझं ऐकलंस.

हे मी काल रात्रीपासून दहा वेळा स्वतःला म्हणून बघितलं, आणि दहाही वेळा मला आधी रडू आलं आणि नंतर कसलातरी आनंद झाला. कशाचा ते विचारू नकोस. सकाळी डबी वर्कशॉपात नेली. प्लास्टरवाल्या बाईंनी बघितली, ओल्या हातानं उचलायची नाही म्हणून नुसती वाकून बघितली. म्हणाल्या, "या आता बोलतील असं वाटतंय." मग म्हणाल्या, "हे तुम्ही नाही केलं." मी म्हटलं, "रेललेला दात मी केला." तेवढं तरी माझ्या नावावर राहू दे.

तू मला माफ केलंयस की नुसतं चुकीचं दुरुस्त केलंयस, मला कळत नाही. चिठ्ठी का नाही, तेही कळत नाही. दोन्ही विचारायची मला घाई नाही.

डबीत वरचे सहा परत पाठवतोय. सोबत वर्कशॉपमधून मागून घेतलेलं गुलाबी मेण आहे, चांगलं अर्धा किलो. खालचे दात मला काही केल्या आठवत नाहीत. रोज अर्धा तास बसतो, एकही येत नाही. ते तू कर, असं सांगायचा हक्क माझ्याकडे उरलेला नाही. मेण तेवढं पाठवतोय.

बारक्या